झिजलेल्या नाण्यांचं गिऱ्हाईक

"तुमच्याकडची सगळ्यात वाईट नाणी दाखवा."

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या असं कुणी म्हणतं का? जुन्या नाण्यांच्या दुकानात येणारी माणसं कशी असतात, ते बाबांच्या दुकानातच वाढल्यामुळे तिला लहानपणापासून तोंडपाठ होतं. हळू आवाजात बोलतात, काचेवर वाकतात, आणि हवं ते नाणं सोडून शेजारच्याचीच चौकशी करतात. हा मात्र सरळ आत आला, भिजलेली छत्री दाराशी टेकवली आणि वाईट नाणी मागून मोकळा झाला.

"वाईट म्हणजे?" तिनं डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं.

"झिजलेली. चांदीची हवीत, पण वरचा चेहरा पार पुसून गेलेली. जितकी गुळगुळीत तितकी बरी."

"मग पलीकडे चांदीची मोड घेणाऱ्यांकडे जा की."

"जाऊन आलो. ते हसत नाहीत."

"मी तरी कुठे हसले?"

"आता हसाल..."

आणि काय सांगावं, ती खरंच हसली! दुकानात, गिऱ्हाइकासमोर, भर दुपारी. मग स्वतःचाच राग येऊन तिनं झिजक्या नाण्यांचा वाडगा धाडकन त्याच्यापुढे ठेवला.

त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव 'झिजके' ठेवलं. दोन गल्ल्या सोडून त्याचं बोटभर दुकान होतं. चषकांवर आणि लॉकेटांवर नावं कोरून द्यायचा. पण काम आटोपलं की झिजलेलं नाणं लाकडी ठोकळ्यावर घट्ट बसवायचा आणि कोरणीनं त्या पुसट चेहऱ्यातून दुसराच चेहरा काढायचा. दुसऱ्या खेपेला त्यानं एक नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. कुठल्याशा राजाचं डोकं होतं ते, आता त्याच्या जागी एक पहारेकरी पेंगत होता. मिशा लोंबलेल्या, टोपी नाकावर आलेली. कोरलेल्या रेघांमध्ये काळा रंग भरलेला, त्यामुळे सुरकुतीन् सुरकुती दिसत होती. पहारेकरी आता घोरायला लागेल असंच वाटत होतं.

"कितीला?" तिनं विचारलं.

"विकायचं नाही. तुमच्याच वाडग्यातलं आहे, तुमच्याकडेच राहू दे."

तिनं ते चष्म्याच्या जुन्या डबीत कापूस घालून ठेवलं. मग आली चष्मा लावलेली मांजर. मग नाक वर करून बसलेली एक मावशी, अगदी तिच्या आत्यासारखी! चार महिन्यांत एकोणीस नाणी झाली. कोणतं कधी मिळालं, तेव्हा तो काय बोलला होता, सगळं तिच्या लक्षात होतं. लोक तिकिटं जमवतात, काड्यापेट्या जमवतात. ती काय जमवत होती हे तिला चांगलंच कळत होतं, फक्त कबूल करायची तयारी नव्हती.

डबी खणात तळाशी असायची, कारण बाबा.

बाबांनी चाळीस वर्षं नाण्यांत घालवली होती. नाण्यावर नवा ओरखडा दिसला तरी त्यांना जेवण जायचं नाही. आणि कोरणारे लोक? "खिसेकापू आणि हे, एकाच माळेचे मणी!" असं ते एकदा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले होते. हा मुलगा गुळगुळीत नाणी नेऊन नक्की करतो काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. 'असतो एकेकाला छंद' म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

"माझ्यासाठी निवडून ठेवता वाटतं?" एका मंगळवारी त्यानं विचारलं. तिनं पुढे केलेल्या कागदाच्या पुडीत चार नाणी होती, चारही लोण्यासारखी गुळगुळीत.

"गिऱ्हाईक आहात. ठेवायला लागतं."

"सगळ्यांसाठी ठेवता?"

"बाकीचे शहाणे आहेत. चांगली नाणी मागतात."

"एक सांगू? तुम्हाला 'तुम्ही' म्हणताना जीभ अडखळते माझी."

"मग..." ती पुडीची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिली. "नको म्हणूस."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एरवी एवढा चुरूचुरू बोलणारा माणूस, पण पुडी घेऊन निघाला तो छत्री विसरूनच! ती त्याच्यामागे छत्री घेऊन पायरीपर्यंत धावली. परत आली तेव्हा बाबा आतून विचारत होते, "कोण होतं गं?"

"कुणी नाही. झिजके."

तीन दिवस असे हवेत गेले. चौथ्या दिवशी सकाळी बाबा काउंटरवरची बशी उचलून खाली बघत होते. मग त्यांनी कागद उचलले, तराजू हलवला, वाकून जमीन पाहिली.

"इथे बशीखाली मी एक नाणं ठेवलं होतं."

तिनं विचारलं, "ते... गुळगुळीत?"

"गुळगुळीत काय! चेहरा गेलाय, पण मानेखाली ठिपका आहे ना! एवढासा, मोहरीएवढा. सहा महिनेच तशी नाणी पडली, मग टाकसाळच बंद झाली. वीस वर्षं शोधतोय मी. सोमवारी एका जुन्या ढिगात हाताला लागलं. म्हटलं, चांगल्या उजेडात नीट बघू, मग पाकिटात घालू..."

बाबा नेहमी पाकिटात घालूनच नाणं ठेवायचे, वर बारीक अक्षरात नोंद करून. पाकिटाशिवाय पडलेलं नाणं म्हणजे वाडग्यातलं, हा त्या दुकानाचा कायदाच होता. ते एक नाणं पाकिटाशिवाय होतं, छान गुळगुळीत होतं, आणि तिला वाटलं होतं, हे त्याला फार आवडेल. मंगळवारच्या पुडीतलं चौथं नाणं तेच.

"मी बघते," एवढंच म्हणून ती चप्पल न घालताच पळाली.

तो दुकानात खाली मान घालून बसला होता. तिला बघून त्यानं पटकन काहीतरी फडक्याखाली लपवलं.

"दाखव ते."

"रविवारी देणार होतो. त्याबरोबर एक बोलायचंही होतं..."

"दाखव आधी!"

फडक्याखाली ते नाणं होतं, पण आता त्यावर ती होती. भिंग कपाळावर सरकवलेली, मान किंचित वळवलेली, अगदी खळखळून हसणारी. आयुष्यात तिला कुणी इतकं नीट पाहिलं नव्हतं, आणि नेमकं तेच बघून तिला रडू कोसळलं. रडत रडतच तिनं ठिपक्याची, टाकसाळीची, वीस वर्षांची सगळी हकीकत सांगितली.

त्यानं हातातली कोरणी खाली ठेवली.

"हे लपव," ती म्हणाली. "मी सांगते, हरवलं म्हणून. खरं कळलं तर ते तुला पुन्हा दुकानाची पायरी चढू देणार नाहीत. मला ओळखतोस ना? त्यांचा शब्द मोडून मला तुला भेटता यायचं नाही रे..."

तो उठला आणि चपला घालू लागला.

"कुठे निघालास?"

"बाबांकडे."

"वेड लागलंय का?"

"लपवलं तर रोज त्या पायरीवरून चोरासारखा येईन. आणि तुझ्याकडे बघताना मला तेच आठवेल. नाही जमायचं ते मला."

बाबांपुढे त्यानं नाणं ठेवलं आणि म्हणाला, "मी कोरतो. हे माझ्या हातून झालं. काउंटरवरून मीच उचललं होतं."

"खोटं बोलतोय!" ती ओरडली. "मी दिलं. मी निवडून दिलं. आणि ही बघा..." तिनं खण ओढून चष्म्याची डबी काउंटरवर उलटी केली. पहारेकरी, मांजर, मावशी, सगळे काचेवर घरंगळले. "चार महिने लपवतेय. आता काय बोलायचं ते मला बोला."

 बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि ते नाणं उजेडात धरलं.

"ठिपका आहे," बाबा शेवटी म्हणाले.

"तो तसाच ठेवला मी," तो चाचरत म्हणाला. "मला वाटलं, बरा आहे, हिच्या मानेवर तीळ आहे ना, नेमका तिथेच..."

बाबांनी भिंगावरून मान वर केली. "तुला काय माहीत तीळ कुठे आहे ते?"

"बाबा! तो सगळ्या जगाला दिसतो!"

पुन्हा बाबा नाण्यावर वाकले. मग त्यांचा आवाज आला तो निराळाच होता. "ही अशी हसते? या दुकानात?"

"हो," तो म्हणाला. "मी आलो की."

"हिची आई गेल्यापासून मी हिला असं हसताना नाही बघितलं." त्यांनी भिंग खाली ठेवलं, डोळे पुसले, आणि पुसले हे कुणाला दिसू नये म्हणून चष्माही पुसला. "नाणं म्हणून हे संपलं. त्याचा मला राग आहे, आणि तो काही उद्या जायचा नाही. समजलं?"

"समजलं."

"तुझ्या हातात कला आहे, पण अक्कल नाही. काय कापतोय ते न वाचता कापतोस. आजपासून रोज संध्याकाळी इथे माझ्या शेजारी बसायचं. नाणी वाचायला शिकायचं. वर्षभर. तोवर मला दाखवल्याशिवाय एकाही नाण्याला कोरणी लावायची नाही."

"वर्षभर?"

"का? जड जातंय?"

"नाही, नाही! वर्ष संपल्यावर काय... एवढंच विचारत होतो."

"ते मला काय विचारतोस? जिचा चेहरा कोरलास तिला विचार." असं म्हणून बाबा चहा टाकायला आत गेले आणि उगाचच भांडी वाजवू लागले.

काउंटरच्या अलीकडे तो, पलीकडे ती. मध्ये एकोणीस चेहरे इकडेतिकडे पडलेले.

"रविवारी जे बोलणार होतो..." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "ते आता वर्षानं बोलू का?"

"वर्ष लागणार आहे ते बाबांना," ती म्हणाली. तिनं काचेवरचा त्याचा काळवंडलेला हात दोन्ही हातांत घेतला. "माझं 'हो' तू आजच घेऊन जा."

तो नुसता बघत राहिला, वेड्यासारखा.

आतून बाबांनी विचारलं, "साखर किती लागते गं याला?"

"दीड चमचा!" ती म्हणाली, त्याला न विचारताच.