तिसऱ्या हाकेला

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीच्या, ज्ञानदाच्या बाबतीत घडलेली आहे. साल १९९९, सांगलीचं एक इंजिनिअरिंग कॉलेज, दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. हो, दुपारच. रात्र असती तर निदान घाबरायला सोयीचं झालं असतं.

ज्ञानदा आणि आसिफ, दोघांचा मिळून प्रोजेक्ट. इंटरनेट प्रोटोकॉलची जुनी चौथी आवृत्ती वेगवान, की नवी सहावी? एका खोलीतल्या कॉम्प्युटरनं हाक मारायची, शेजारच्या खोलीतल्यानं ओ द्यायची. मध्ये किती वेळ गेला, ते स्क्रीनवर दिसायचं.

“आमच्या कुंडलला तिन्हीसांजेनंतर बाहेरून हाक आली तर पहिल्या दोनला ओ देत नाहीत,” ज्ञानदा एकदा म्हणाली. “भूत तिसरी हाक मारत नाही म्हणे.”

“मग मी पण तिसरीलाच देणार,” आसिफ हसला. “बस बोंबलत.”

जुन्याचे आकडे घेऊन झाले. नव्याचे राहिले.

आणि तासगाव रस्त्यावर ट्रकनं आसिफला उडवलं.

सर म्हणाले, “पोरगा गेला, सबमिशन नाही गेलं. सोमवारी नव्याचे आकडे दे. नाहीतर वर्ष गेलं तुझं.”

वर्ष गेलं असतं, तर घरचे तिचं लग्न उजवूनच मोकळे झाले असते.

ती एकटीच बसली. हाक मारली.

काही नाही.

दुसरी...

काही नाही.

तिसरी...

ओ आली. जुन्यापेक्षा कितीतरी लवकर!

ज्ञानदा खुशीत आकडे उतरवायला लागली. तेवढ्यात शिपाई सिद्धू कुलपं लावत आला.

“ताई, कुनाशी चाललंय? पलीकडचा कॉम्प्युटर सरांनी परवाच हलवलाय न्हवं.”

ती धावत गेली. टेबल रिकामं. वायरचं टोक नुसतं लोंबत होतं...

परत आली. ओ येतच होती. दर वेळी आधीपेक्षा लवकर...

वेळ कमी, म्हणजे अंतर कमी.

मग स्क्रीनवर शून्य आलं. तिच्या पाठीमागची, आसिफची खुर्ची करकरली.

तिनं बटण बंद केलं. आकडे मात्र सरांना दिले. चांगले होते ना.

त्याच आठवड्यात ती कुंडलला गिरणीत दळणाला गेली. लाईट गेलेली, परतायला अंधार पडला. घरी मावशी मोरीत घसरून पडलेली. खुबा मोडलेला, अंग गार.

“अगं आई, ओरडायचं ना! बनुबाई शेजारीच होती की!”

“दोन हाका मारल्या तुला,” मावशी पुटपुटली. “तिसरीला लगीच ओ आली. ‘आलो’ म्हनला. मग कशाला वरडू? त्येचीच वाट बघत पडले... कोन गं त्यो?”

मावशी त्या अंथरुणातून उठली नाही.

ज्ञानदा आता त्या घरात एकटीच असते. मागच्या महिन्यात मी गेले होते. दार नुसतं लोटलेलं. दोन हाका मारल्या.

आत चिडीचूप.

तिसरी ओठांवर आली होती...

ती गिळली आणि स्टँडची वाट धरली.

ज्ञानदा तेव्हा आत होती का, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.