पातळ घेता का?

अंजनाबाई घरातून निघाल्या त्या "पातळ घेऊन येतो" असं सांगून. ती शुद्ध थाप होती, आणि थापेला साक्षीदार म्हणून त्यांनी रोशनीला बरोबर घेतलं होतं. लग्नाला चार महिने झालेली सून साक्षीला बरी. ती अजून कोणाच्याच बाजूची झालेली नसते.

"या उन्हात पातळ?" सासरे देवराव कूलरसमोरून तसूभरही न हलता म्हणाले. "दुकानदार तरी जागा असन काय वं?"

"तुमच्यासारखा लोळत नसन."

मे महिना, दुपारचे दोन. नागपुरात भुताला रात्रीसाठी खोळंबायचं काही कारण नाही. जरीपटक्याचा एरवी गजबजलेला बाजार या वेळी कोणीतरी पुसून टाकल्यासारखा असतो. शटरं अर्धी खाली, कुत्री नालीत, आणि रस्ता इतका पांढरा की बघवत नाही. ऑटोवालाही तोंडाला दुपट्टा गुंडाळून असा गप्प बसला होता, की तो माणूसच आहे याची रोशनीनं भाडं ठरवताना दोनदा खात्री करून घेतली.

खरं काम रामदासपेठेत होतं. अंजनाबाईंच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या, त्या काढून टाकायच्या. व्हिडिओवर डोळे दाखवून झाले होते, फोनवर एका पोरीनं फॉर्मही भरून घेतला होता. आज तपासणी आणि तीन वाजता लगेच ऑपरेशन. "भूल फक्त डोळ्यापुरती," अंजनाबाई म्हणाल्या होत्या. "संध्याकाळी घरी. तुह्या सासऱ्याले समजनारबी नाही." दोन्ही डोळ्यांना टाके घातलेली बायको देवरावांच्या लक्षात येणार नाही, हा विश्वास तीस वर्षांच्या संसारातून आला असावा.

दवाखान्याच्या इमारतीतली लाइट गेली होती. लिफ्ट बंद. तीन मजले चढायचे. जिन्यात अंधार नव्हता, पण उन्हातून आलेल्या डोळ्यांना सगळं काळंनिळं दिसत होतं. प्रत्येक मजल्यावर बंद दारं. दोघींच्या चपला वाजायच्या, थांबायच्या. आणि तिसऱ्या मजल्यावर अचानक वास आला... ओल्या वाळ्याचा. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावून पहिलं पाणी सोडावं, तसा थंड, मातकट.

"इथं कूलर कुठी हाय?" अंजनाबाई पुटपुटल्या.

नव्हताच. काचेच्या दारामागं रिकामी बैठक, बंद एसी, आणि टेबलाशी एक म्हातारी सिस्टर. पांढरं, खळ केलेलं पातळ, डोक्यावर टोपी. समोर जाडजूड रजिस्टर. तिघींत घाम न आलेली ती एकटीच.

"नाव?"

"अंजनाबाई."

"सोबत?"

"सून हाय. रोशनी."

सिस्टरनं मान वर केली. नजर रोशनीच्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली आली, कमरेशी क्षणभर थांबली. "तू बस वं. उभी नको राहू."

टेबलासमोर खुर्ची एकच होती. सासू उभी आणि सून खुर्चीत, हे नागपुरातच काय, कुठंच घडत नाही. रोशनीच्या अंगावर पहिला काटा आला तो तेव्हा.

"कापनार कोन?"

"अरुंधती मॅडम."

"त्याच? का दुसरं कोनी?"

"त्याच असन..."

"असन नाही. इचारलं?"

"नाही."

"नोंदणीचा नंबर?"

"तो तं गाडीले असते," अंजनाबाई म्हणाल्या.

"डॉक्टरलेबी असते." सिस्टर लिहीत होती. कागदावर टाक घासल्याचा आवाज येत होता, पण पानावर काही उमटत नव्हतं. "घाई काहून?"

"या हप्त्यात सूट देऊन राहिले ना..."

"सूट लुगड्यावर घ्यावं, बाई. कातडीवर नाही." वाळ्याचा वास दाट झाला. "अन् हे... काहून?"

"काय काहून?"

"हे डोळे. काहून?"

अंजनाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चौकात बाया भांडल्या तर सोडवायला जाणारी ही बाई, पण आवाज एवढासा झाला. "लग्नाचा अल्बम आला. साऱ्या फोटोत मी रडल्यावानी दिसतो. जो तो इचारते, सून पसंत नव्हती काय? आता कोनाकोनाले सांगू... मले तं लय आवडली हे पोरगी."

रोशनीनं खाली पाहिलं. चार महिन्यांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला भूत लागलं, हे अर्थात तिला अजून ठाऊक नव्हतं.

"पातळ..." सिस्टर अगदी हळू म्हणाली. "पातळ घेता का?"

अंजनाबाई खळखळून हसल्या. "फोनवालीनंबी हेच इचारलं व्हतं! सांगतलं ना तिले, दिवाळीले एक घेतो फक्त."

सिस्टर हसली नाही. ती अंजनाबाईंकडे पाहतही नव्हती. ती रोशनीकडे पाहत होती... पापणी न लववता, वाट बघत.

दोन वर्षांपूर्वी अंजनाबाईंच्या हृदयात स्टेंट टाकला होता. दुपारच्या जेवणानंतर एक गोळी, रोज. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या तळहातावर रोशनीच ठेवत असे. आजही ठेवली होती. आणि त्या पाकिटावर डॉक्टरांनी पेनानं लिहिलं होतं...

"आई," रोशनीनं सासूचा हात धरला. "लुगडं नाही. रक्त. रक्त पातळ करायची गोळी... घेता का, म्हनून इचारून राहिल्या."

सिस्टरनं रजिस्टर मिटलं. "झालं," ती उठली. "येतो मंग."

ती मागच्या दारातून आत गेली. लाइट आली, एसी घरघरला, वास नाहीसा झाला. त्या दारावर पाटी होती, 'मीटर रूम'. बाहेरून कुलूप होतं.

डबा घेऊन वेदिका नावाची रिसेप्शनवरची मुलगी आली ती माफी मागतच. "लाइट गेली म्हणून खाली जेवायला गेले हो, काकू. तुम्हाला एकटंच बसावं लागलं?"

"तुमची सिस्टर व्हती ना."

"आज तर कोणी सिस्टर अजून आल्याच नाहीत..." तिनं कुलूप लावलेला खण उघडून फॉर्म काढला आणि तशीच राहिली. 'रक्त पातळ करणारे काही घेता का?' या प्रश्नापुढं तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : फक्त दिवाळीत. ते जांभळ्या शाईनं खोडलेलं होतं. खाली तिरपं, जुन्या वळणाचं अक्षर : रोज. दुपारी.

डॉक्टर अरुंधतींनी ते वाचलं आणि खुर्चीत टेकल्या. "'फक्त दिवाळीत' वाचून मला वाटलं असतं, काकू सणाला थोडी घेतात." मग त्यांचं हसू गेलं. "डोळ्यामागं रक्त साठलं असतं, तर नजर जाऊ शकली असती. हे फोनवर विचारायचं नसतंच. चूक आमची."

ऑपरेशन रद्द झालं. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी. मग पंधरा दिवस नुसता विचार. केलंच तर दोन आठवडे चेहरा सुजलेला, निळा राहील आणि घरी लपवता येणार नाही. कधीही आल्या तरी सूट तीच राहील. नोंदणीचा नंबर अंजनाबाईंनी स्वतः मागून घेतला, ऑटोचा लिहून घ्यावा तसा. फॉर्मची झेरॉक्सही घेतली.

घरी देवराव दारातच. "काहून वं, पातळ कुठी हाय?"

अंजनाबाईंनी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "हे घ्या."

त्यांना गोष्ट समजायला दहा मिनिटं लागली आणि हसू थांबायला अर्धा तास. मग त्यांनी अल्बम काढला, बायकोचा रडका फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "मले तं तू अशीच दिसतं. मी समजो, तुले मीच पसंत नाही." अंजनाबाईंनी त्यांना उशी फेकून मारली. पंधरा दिवसांचा विचार त्याच दिवशी संपला.

विसरून गेलेली ती झेरॉक्स दहा दिवसांनी रोशनीला सापडली. सकाळीच तिच्या हातातल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या होत्या आणि घरात पेढे, फोन, नाच असं सगळं एकदम चालू होतं. नवरा प्रशिक तर चप्पल न घालताच पेढ्यांना पळाला होता. झेरॉक्सवर 'सोबत' या रकान्यात तिरपं अक्षर होतं : दोघी.

"दोघी!" अंजनाबाईंनी टाळी वाजवली. "म्हंजे पोरगीच! सिस्टरनं तवाच वयखलं वं!"

रोशनी हसली. मग तिला खाली, अगदी कडेला, पुढच्या भेटीची तारीख दिसली. पुढच्या जानेवारीतली. वेळ दुपारची, सव्वादोन.

आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात. त्या दुपारी सिस्टरनं निरोप घेतला, असंच रोशनी समजली होती.

"येऊ दे ना," अंजनाबाई ती तारीख वाचून पेढा मोडत म्हणाल्या. "बाळंतपनाले कोनी जानती पाह्यजेच."

लाइट गेली होती. कूलर बंद होता, टाकी कोरडी. आणि घरभर ओल्या वाळ्याचा वास येत होता.