रिकामा ताबा

घर विकायचं म्हणजे रोज परक्या माणसांना आपल्या मोऱ्या दाखवत फिरायचं. मला त्याची मुळीच हौस नव्हती. बत्तीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरची भांडणं ऐकली, आणि त्यातूनच नाचणे रस्त्याला, साळवी स्टॉपच्या अलीकडे, साडेतीन गुंठ्यांत हे चिऱ्याचं घर स्वतः उभा राहून बांधून घेतलं. पुढे ओटी, मग बैठकीची खोली, स्वयंपाकघर, आणि त्याला लागून मागची खोली. तिथे आम्ही आमसुलं आणि नारळ ठेवायचो. एक खिडकी, एक दार, बस्स.

पण वासंतीचा, माझ्या बायकोचा, दमा फार वाढला होता. दोन हजार एकच्या होळीनंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं, "आगाशे, पुढचा पावसाळा यांना इथे काढू देऊ नका. कोरड्या हवेत न्या." आमचा अनिश पुण्यात. त्याच्याच इमारतीत दोन खोल्या मिळत होत्या. त्यासाठी घराचे आठ लाख यायलाच हवे होते, तेही मे संपायच्या आत. आठ हा आकडा काही हवेतला नव्हता. आजूबाजूचे व्यवहार पाहून मीच काढलेला भाव होता तो.

भिकाजी दलालाने आणलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नितेश सुर्वे. बोटीवर नोकरीला, तिशीचा, वागायला साधा. त्याने घर पाहिलं, वासंतीने केलेला चहा घेतला, जाताना तिला वाकून नमस्कारही केला. दुसऱ्या दिवशी भिकाजी एकटाच आला आणि ओटीच्या पायरीवर बसला.

"चार म्हणतात, अण्णा."

"चार? अरे, घर काय भंगारात काढलंय मी?"

"तसं न्हाय ओ. भाडेकरूसकट घर घ्यायचं तर भाव निम्म्यावर येतो. ते तुमाला मी काय सांगू?"

ते खरंच होतं. आत माणूस बसलेलं असेल, तर घर विकत घेऊनही आपलं होत नाही. कोर्टात वर्षं जातात. म्हणून रिकाम्या ताब्याचा भाव वेगळा. पण आमच्याकडे भाडेकरू जन्मात कधी नव्हता.

"कुठला भाडेकरू?"

"मागल्या खोलीतली बाई," भिकाजी खाली बघत म्हणाला. "भिंतीकडं तोंड करून बसलेली, म्हणतात. मी काय आत गेलो नव्हतो."

मी त्याचा दंड धरून त्याला मागच्या खोलीत नेलं. नारळ, आमसुलांच्या बरण्या, एक मोडकी आरामखुर्ची. "दाखव बाई," म्हटलं. त्याने नुसती मान हलवली. मग मी कागदावर घराचा नकाशा काढला, मागच्या खोलीत लाल शाईने 'रिकामी' लिहिलं, खाली 'किंमत आठ लाख, रिकामा ताबा' असं लिहून सही ठोकली. "हे दे तुझ्या खलाशाला. भाव पाडायच्या असल्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्यात."

पंधरवड्याने चिपळूणहून दमयंती जोगळेकर आल्या. शाळेत शिकवायच्या. नितेशशी ओळख ना पाळख, दलालही वेगळा. घर त्यांना फार आवडलं. निघताना चपला घालता घालता त्यांनीही चारच सांगितले.

"रागावू नका हं," त्या हळूच म्हणाल्या. "पण मागच्या त्या बाईंना या वयात कुठे जा म्हणायचं? मला नाही जमणार ते. त्यांना राहू द्यायचं, तर मग मला चारच परवडतील."

कपाळ माझं! मी त्यांना फाटकापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

वासंतीला यातलं काही सांगितलं नव्हतं. पण त्याच दुपारी जेवताना ती म्हणाली, "अहो, गंमतच आहे. मागच्या खोलीत नारळ आणायला गेलं ना, की माझी धाप थांबते. कुणीतरी पाठीवरून हात फिरवतंय असं वाटतं."

मी घाबरलो आणि घाबरलो की मी तडकाफडकी काहीतरी करतो. वादाची जागा आधी मोकळी करायची आणि मगच मोजायची, ही माझी कामातली जुनी पद्धत. नारळ पडवीत हलवले. मागची खोली धुऊन काढली, भिंतींना चुना दिला. आणि अनिशला बोलावून वासंतीला त्याच्याबरोबर पुण्याला पाठवलं. घरात बाईमाणूसच नको, म्हणजे कुणाला भास व्हायला नको. जाताना ती पायरीवर थबकली.

"काहीतरी राहिलंय असं वाटतंय हो."

"औषधं, पंप, चष्मा, सगळं पिशवीत आहे. चल, रिक्षा थांबलीय."

त्या घाईला काय म्हणू! आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

चौथ्या दिवशी नितेशला बोलावलं. सकाळचे अकरा, दारं-खिडक्या सताड उघड्या. तो मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला. चेहरा उतरला होता.

"अण्णा, आता तीनच देईन."

"का म्हणून?"

"दोघी आहेत ना आता." त्याने आवाज आणखी खाली आणला. "आणि त्या दुसऱ्या बाईंना केवढा दम लागलाय. काहीतरी द्या हो त्यांना."

तो गेला. मी ओटीवर बसून राहिलो. आणि मग मलाही ऐकू आलं. आधी बारीक शीळ, मग तीन खोकले, मग लांब ओढलेला श्वास. छत्तीस वर्षं शेजारी झोपून ऐकलेली धाप. ती ओळखायला माझी चूक होणं शक्य नव्हतं.

खोलीत कुणी नव्हतं.

मी पाणी उकळलं, वाफाऱ्याचं पातेलं नेऊन भिंतीपाशी ठेवलं. आवाज थोडा उतरला. मी तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडलो.

संध्याकाळी अनिशचा फोन आला. स्वारी खुशीत होती. "बाबा, आई ठणठणीत आहे! एकदाही धाप नाही. तीन जिने न थांबता चढली." मग म्हणाला, "फक्त बोलत नाही फारशी. सारखी भिंतीकडे तोंड करून बसते."

"तिला घेऊन ये," मी ओरडलो. "उद्याच्या उद्या!"

दुपारच्या एस.टी.ने ते आले. वासंती झपझप पायऱ्या चढली. गाल भरले होते. मी तिचा हात धरून तिला मागच्या खोलीपाशी नेलं. मला आपलं वाटत होतं की ती आत गेली की सगळं पुन्हा जुळेल.

ती उंबऱ्यावर थांबली. आत धाप चालूच होती.

"ऐकू येतंय का तुला?"

"काय ते?" म्हणून ती चहा टाकायला वळली.

दुसऱ्या दिवशी अनिश बाजारात गेला असताना नितेश आपणहून आला. त्याला बोटीवर रुजू व्हायचं होतं, म्हणून शेवटचं विचारायला. त्याने पुन्हा मागे डोकावून पाहिलं.

"एकच आहे आज. दम लागतो ती. मग चार देतो."

"आणि दुसरी?"

तो काही बोलायच्या आत वासंतीने चहा आणून ठेवला आणि ती आत जायला वळली. नितेश तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग कपाला हातही न लावता उठला.

"काय ते भिकाजीला कळवा," एवढंच म्हणून तो गेला.

मी स्वयंपाकघरात आलो.

"घर विकायचं नाही," मी म्हटलं. "मी इथेच राहणार."

"देऊन टाका," ती म्हणाली. "चार तर चार. पुण्यात मला किती बरं वाटतं."

मागे तीन खोकले आले.

तिने पदराला हात पुसले, मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.