शलाकाच्या नावावरची वाक्यं

"तुझ्या आप्पास्नी सांग, गुडघ्याला तेल लावा म्हणावं. न्हाईतर उद्या जिना चढताना माझ्या नावानं बोंब मारतील," पिठात हात घालत आई म्हणाली.

आप्पा तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावरच शेंगा फोडत बसले होते. "आईला सांग तुझ्या, बोंब मारायला दम लागतोय. तो तिनं ठेवलाय कुठं?"

शलाकानं कुणालाच काही सांगितलं नाही. मगदुमांच्या घरात नवरा-बायको पंचवीस वर्षं असेच बोलत आले होते, आधी सासूमार्फत, मग मुलीमार्फत.

त्या दिवशी मात्र फडताळावर कोटाच्या बटणाएवढा बोलमाप ठेवला होता. कुटुंबशास्त्र आता बी.ए.ला इतिहासाइतकं रुळलं होतं, आणि प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकानं तीन आठवडे आपलंच घर मोजायचं होतं. यंत्र शब्द साठवत नसे. कोण कुणाशी किती बोललं आणि आवाजात ओलावा किती, एवढंच ते टिपत असे.

निकाल आला. आई आणि आप्पा: थेट वाक्यं चार. शेरा: 'नाते जवळजवळ संपलेले.'

प्राध्यापिका कुरुंदवाडे बाईंना कौतुक आवरेना. "इतका स्वच्छ नमुना मला दहा वर्षांत मिळाला नाही!" शलाकाला रडूच फुटलं. घरी येऊन तिनं भल्यासाठीच तो तक्ता दोघांपुढे ठेवला.

आप्पा हसले. "मग काय मुक्यानं संसार केला व्हय आम्ही?" आई हसली नाही. ती त्या चारच्या आकड्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आई थेट बोलू लागली. "भाकरी वाढू?" "वाढ." "गोळी घेतली?" "घेतली." पाहुण्याला विचारावं तसं विचारायचं आणि दोघांनीही तिथंच थांबायचं. टोमणा नाही की थट्टा नाही. फेरमोजणीत थेट वाक्यं एकशे बारा भरली. शेरा आला, 'लक्षणीय सुधारणा', आणि शलाका वर्गात पहिली आली.

घर मात्र गप्प झालं. ते सहन होईना तेव्हा तिनं पहिल्या मोजणीतली स्वतःची ओळ उघडली. आईकडून शलाकाला दोन हजारांवर वाक्यं, आप्पांकडूनही तितकीच, ओलावा भरपूर. ज्याच्याकडे तोंड करून बोललं जाई, त्याच्या नावावर यंत्र वाक्य टाकी. काखेत कळसा नि गावाला वळसा! त्यातली बहुतेक वाक्यं तिची नव्हतीच. ती दोघांनी एकमेकांना म्हटलेली होती, आणि दोन वर्षं हा विषय शिकूनही तिला ते ओळखू आलं नव्हतं. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

तिनं हे कुरुंदवाडे बाईंना जाऊन सांगितलं. "तिसऱ्यामार्फत बोलणं हा दोषच धरतात," बाई म्हणाल्या. "आणि आता सुधारणा झालीय ना?"

घरी येऊन शलाकानं फडताळावरचा बोलमाप काढून टाकला, दोघांना समोर बसवून त्याचं गणित सांगितलं, माफी मागितली. "चूक माझी झाली. तुम्ही आपलं पहिल्यासारखं बोला."

आप्पांनी शेंगांची टोपली पुढं ओढली.

"आई, बोल की. आप्पांना काय सांगू?"

आईनं आप्पांकडे पाहिलं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं, थोडं हसूही आलं, आणि तिथंच विरलं.

"कसं सांगू बाई? तोंड उघडलं की मनात येतंय, ह्ये आता कुणाच्या नावावर पडंल?"