बोटांच्या बेचक्यात

डोंगराळ नारिन शहराच्या इस्पितळाच्या अंगणात बर्फाचा नुसता चिखल झाला होता. चहाची किटली सावरत सैकाल धावत आली आणि दारातून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरांवर थेट आदळली. निम्मा चहा त्यांच्या पांढऱ्या डगल्यावर!

"भाजलं का हो?"

"थंडगार आहे की! हा कुणावर उपाय?"

"आजीला नेतेय... स्टोव्हपासून इथवर येईतो निवतो."

डॉक्टर हसले – आणि सैकालला उगीचच वाटलं, पुन्हा एकदा आदळायला हरकत नाही.

ते एरमेक, राजधानी बिश्केकहून आलेले कातडीचे नवे डॉक्टर. आणि आजी त्यांच्याच वॉर्डात निघाली. तिच्या पोटावर, मांड्यांवर द्राक्षांएवढे पाण्याने तट्ट भरलेले फोड. थोरले डॉक्टर म्हणाले होते, म्हातारपणी शरीर आपल्याच कातडीवर उलटतं. त्यावरच्या गोळ्या चालू होत्या. पण गोळ्यांनी फोड वाढले, फुटले, चिघळले. हातांना तर मनगटापासून बोटांपर्यंत पट्ट्या.

"शेगडी एवढी पेटलीय, तरी तुमचे लोकरी हातमोजे निघत नाहीत," एरमेक एकदा सैकालला म्हणाला. "हातांवर कुणाचा पहारा आहे?"

"आमच्याकडे मुलीचे हात बघायला आधी पाहुणा म्हणून यावं लागतं, डॉक्टर."

"येऊ?"

ती कानापर्यंत लाल झाली.

मग त्याने सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला खाज?"

सैकाल खिडकीकडे बघत राहिली. 'तो शब्द तोंडातून काढलास तर या घरची मुलगी कुणी सून करणार नाही,' काकूने निघतानाच बजावलं होतं. आणि समोर हा उभा... याला कसं सांगायचं?

"नाही," ती म्हणाली.

आजीला ताप चढला. पट्ट्या बांधलेल्या हातांना खाजवता येईना, म्हणून ती खाटेच्या लोखंडाला पाठ घाशी, खुंटाला अंग घासणाऱ्या घोडीसारखी. "पोरी, एवढी खाज थांबव गं. मग देव न्यायला आला तरी हसत जाईन."

"गोळ्या वाढवायच्या म्हणतात," एरमेक हळूच बोलला. "मला पटत नाही. काहीतरी निसटतंय... काय, ते कळत नाही."

देवाने माणसाला लाज दिली ती पाप झाकायला नाही, एवढं सैकालला त्या क्षणी उमगलं. तो व्हरांड्यात गेला, तशी ती मागोमाग गेली. तिने हातमोजे ओढून काढले.

"मी खोटं बोलले. आम्हा सगळ्यांनाच खाज येते. मी आजीच्याच पांघरुणात झोपते..."

त्याने तिचे हात खिडकीच्या उजेडात धरले. बोटांच्या बेचक्यात बारीक, करड्या, नागमोडी रेघा.

"खरूज," तो पुटपुटला. "म्हाताऱ्या माणसांना क्वचित अशी फोडांनी येते. मीही फसलो."

"हात सोडा ना... तुम्हालाही लागण होईल."

"होऊ दे. तुझ्याबरोबर मीही मलम लावीन."

फोडाच्या कडेची कातडी खरवडून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. किडा हलत होता. सगळ्या घराला मलम, रजया उकळत्या पाण्यात, गोळ्या हळूहळू कमी. काही दिवसांनी आजी तान्ह्या बाळासारखी शांत झोपली. पण पू रक्तात उतरला होता. ती त्या झोपेतून उठली नाही.

"मी आधीच हात दाखवले असते तर?"

एरमेकने नजर चुकवली नाही. "कदाचित वाचल्या असत्या. माझंही चुकलं, सैकाल. मी तुझे हात बघायला हवे होते, नुसती थट्टा केली."

ती आजीला घेऊन गावी निघाली. आता हा माणूस आपलं तोंडही बघणार नाही, हे तिने मनोमन धरलंच.

रिवाजाप्रमाणे घरापुढे उभारलेल्या तंबूत आजीला ठेवलं होतं. बायका भिंतीकडे तोंड करून आजीच्या आयुष्याची गाणी रडत गात होत्या. बाहेर पुरुष काठ्यांवर रेलून उभे. येणारा प्रत्येक पुरुष लांबूनच हाक देत येई – ज्याचं जे नातं, त्या नात्याने. "काकी गं!" "माझी बहीण गं!"

एवढ्यात रस्त्यावरून एक तरुण, फाटलेला आवाज आला.

"आजी गं... माझी आजी!"

काकूचं गाणं थांबलं. "हा कुठला नातू गं? आपल्यातला तर नाही."

भिंतीकडचं तोंड वळवायचं नसतं. सैकालने वळवलं नाही; तो आवाज तिने ओळखला होता.

"आपलाच आहे, काकू," ती म्हणाली, आणि सुटलेला सूर तिने उचलून धरला.