पत्र्यामागचं काम

गल्ली बंद राहिली तर चप्पलवाल्याचा फायदा सरळ होता. जुन्या वस्तीतून बाजाराकडे निघालेला प्रत्येक माणूस वळसा घालून त्याच्या दारावरून जाणार. उघडली, तर तीच माणसं मधून, घड्याळजींच्या दुकानावरून जाणार. पायांना कुणाच्या दुकानाशी देणंघेणं नसतं. समोर बाजार दिसला की ते तिकडे वळतात.

सहा आठवड्यांपूर्वी गटाराच्या कामासाठी नगरपालिकेने गल्लीच्या बाजाराकडच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी उंच पत्रा ठोकला. वर पाटी : ‘काम चालू’. तेव्हापासून घड्याळजी नुसते बसून असत. गिऱ्हाईक वाढलं नाही, तर महिनाअखेरीला दुकान सोडायचं ठरलं होतं. त्यांच्या मुलीला, मुंगीला, रडू यायला हवं होतं. येत नव्हतं. ती पायरीवर बसून माणसं मोजत होती. सुट्टी असल्याने ‘वकील’ आणि ‘दाढ’ अशा टोपणनावांचे तिचे मित्रही शेजारी होते.

"सकाळपासून नऊ," मुंगी म्हणाली. "आठ जण पत्रा बघून परत फिरले."

"आणि नववा?" वकिलाने विचारलं.

"दाढ."

"मला कशाला धरतेस? मी दुखरा गाल घेऊन बसलोय."

"काम चालू आहे ना?" वकील म्हणाला. "मग ठोकाठोकी कुणी ऐकली का?"

कुणीच ऐकली नव्हती. तिघे नगरपालिकेत गेले. मुकादम वहीत ‘काम चालू’ असंच लिहीत होते.

"रोज जाऊन बघता, काका?"

"कोपऱ्यावरून बघतो की. पाटी आहे म्हणजे काम आहे."

"आणि पाटी कशासाठी आहे?"

"वहीत काम चालू आहे म्हणून."

वकिलाने तोंड उघडलं, तोच मुंगीने त्याला चिमटा काढला. "काका, सुट्टीचा प्रकल्प आहे. तुमचं काम जवळून दाखवाल? वर तुमचं नाव घालू."

नावाचं ऐकून मुकादम टोपी घालून निघालेच.

पत्रा सरकवला. खड्डा नव्हताच. गटाराचं काम कधीच आटोपून वरची जमीन सपाट झाली होती, आणि तिच्यावर चप्पलवाल्याची खोकी डोक्याइतकी रचलेली होती.

"जागा रिकामीच होती," मागून धावत आलेला चप्पलवाला म्हणाला. "पाटी तर तुमची."

संध्याकाळी पत्रा निघाला. मुंगीने दोनशेपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. मुकादमांनी तिघांची पाठ थोपटली. "पोरं भलतीच हुशार," चप्पलवालाही म्हणाला.

"छान केलंस, बाळा," घड्याळजी म्हणाले आणि भिंतीवरची घड्याळं उतरवत राहिले.

"बाबा, माणसं येतायत."

"दिसतायत. पण जागेचा शब्द मी कालच दिला दुसऱ्याला."

मुंगीने स्टूल धरलं. मुकादमांना वहीतली एक ओळ खोडावी लागली, चप्पलवाल्याला खोकी उचलावी लागली. बाकीचं सगळं नुकसान घड्याळजींनी भरलं.