दोघांपैकी एकाने आत असावे

मेरेआना कॅलमशी पहिल्यांदा बोलली ती दोनच शब्द, आणि तेही उजव्या गालावर गोठलेल्या मटारची पिशवी धरून.

जूनमधला मंगळवार होता, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा. अंगणातल्या गवतावर हिव पडलं होतं आणि पहाटेपासून मेरेआनाची दाढ ठणकत होती. दातांचा डॉक्टर चालत चार मिनिटांवर, पण तिला बालवाडीतून हलता येत नव्हतं. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आमच्या बालवाडीचा नियम सरळ आहे: मुलं आत आहेत तोवर पदवीचा, नोंदणी झालेला एक तरी शिक्षक आत हवाच. डोक्यांचा हिशोब जुळवायला मी चालते, स्वयंपाकघरातली डॅफ्नी चालते, एखाद्या मुलाची आजीही चालते. जबाबदारी घ्यायला मात्र कागद लागतो. तो त्या दिवशी एकट्या मेरेआनाकडे होता. दुसरी शिक्षिका मे महिन्यात ब्रिस्बेनला गेली होती, तिच्या आधीची पर्थला. माझ्याकडे एकवीस वर्षांचं काम होतं, पण ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

इतक्यात दार ढकलून एक उंच माणूस आत आला, बहिणीच्या मुलीला सोडायला. मुलीचे गमबूट उलटे घातलेले. त्याने आधी खाली बसून ते सरळ केले, मग मटारच्या पिशवीकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, यांना घरी का पाठवत नाही तुम्ही? मी कारण सांगितलं. तो जरा घुटमळला.

"मी आहे की," तो म्हणाला. "म्हणजे... मी शिक्षक आहे. बालवाडीचाच."

पुरुष, आणि बालवाडीचा शिक्षक. एकवीस वर्षांत मी असे दोन पाहिले होते, त्यांतला एक नंतर बँकेत चिकटला.

मेरेआनाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कागद आहे?"

होता. बदली शिक्षक म्हणून त्याने देशाच्या दक्षिण टोकाहून, इन्व्हरकार्गिलहून अर्ज पाठवला होता, पोलिसांच्या तपासणीसकट. तो दहा दिवस माझ्याच टेबलावर न उघडता पडून होता. मी तो उघडला, सह्या केल्या. हजेरीच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: कॅलम आत, नऊ बावन्न. मेरेआना बाहेर, नऊ त्रेपन्न.

ही वही माझ्याच ताब्यात असते. कोण कधी आलं, कधी गेलं, मिनिटाला मिनिट. सरकार ती अनुदानासाठी वाचतं. मी इतर गोष्टींसाठी वाचते.

कॅलमला नोकरी मिळाली, पण डिसेंबरपर्यंतच. कारण ती जागा माझ्यासाठी राखलेली होती. त्रेपन्नाव्या वर्षी मी घरबसल्या पदवीचा अभ्यास करत होते, शेवटचं सत्र चालू होतं. मी पास झाले की जागा माझी आणि कॅलम मोकळा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून त्यालाही.

आता गंमत बघा. कागदवाली माणसं दोन. एकाने आत असल्याशिवाय दुसऱ्याला बाहेर जाता येत नाही. मेरेआनाची जेवणाची सुट्टी सव्वाबारा ते पाऊण, कॅलमची पाऊण ते सव्वा. ती फाटकातून आत यायची, तो बाहेर पडायचा, आणि मधली जी काही दोन मिनिटं असतील तेवढंच त्यांचं एकांतात असणं. तेही फाटकाच्या अलीकडे, कारण पलीकडे एकाच वेळी दोघं म्हणजे नियमभंग.

"बाहेर कसं काय आज?" त्याने एकदा विचारलं.

"बाकावर ऊन आहे. डाव्या बाजूला बसा, उजवीकडे ओलं आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी आता वळणार आहे," मेरेआना म्हणाली. "तुम्ही मागून बघायचं नाही."

त्याने अर्थातच बघितलं. त्या दिवशी तिच्या निळ्या पँटवर ओला डाग होता, ताटलीएवढा. कॅलम दहा मिनिटांनी परत आला, तर त्याच्याही पँटवर तसाच डाग. मुद्दाम उजवीकडे बसला होता. मेरेआना हसू दाबायला रंगांच्या कपाटात तोंड घालून उभी राहिली, आणि मी मनातल्या मनात एक नोंद केली.

जुलैत दोन मिनिटांची चार झाली, ऑगस्टमध्ये सात. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मात्र वहीत सापडत नाही. ती त्याला सांगायची, बाहेर ढगांच्या खाली गिरणीचा धूर अडकलाय, स्वेटर घे. तो सांगायचा, आतली सव्वीसच्या सव्वीस झोपलीत, पाय न वाजवता जा. एकदा त्याने तिच्या केसांतून वाळलेली खळ काढली. दोघंही त्या खळीच्या तुकड्याकडे असं बघत राहिले की जणू त्यावर कुणी काही लिहून ठेवलंय...

संध्याकाळी कॅलम भाचीला घेऊन निघायचा, मेरेआना माझा अभ्यास घ्यायला मागे थांबायची. पण शनिवार-रविवार कुठे गेले होते, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. मेरेआना म्हणाली, शनिवारी रोटोरुआला वडिलांकडे जावं लागतं. कॅलम म्हणाला, बहिणीची शेड बांधायला घेतलीय. वडील ठणठणीत होते. शेड सप्टेंबरातच उभी राहिली होती. माझं मत असं की नियमाचा त्यांना त्रास कमी आणि आधारच जास्त होता. भेटता येत नाही म्हटलं की भेटून काय बोलायचं हा प्रश्न उरत नाही.

ऑक्टोबरात ब्रिस्बेनहून कॅलमला पत्र आलं. कायमची जागा, इथल्यापेक्षा बराच जास्त पगार, वर्षभर ऊन. उत्तर नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत. त्याने ते मेरेआनाला फाटकाशी दाखवलं. तिने वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाली, "चांगलं आहे." त्या दिवशी फाटकाशी एकच मिनिट गेलं.

माझा शेवटचा निबंधही त्या शुक्रवारच्याच आठवड्यात द्यायचा होता. मुलं गेल्यावर मेरेआना माझ्याबरोबर बसून तो तपासायची. बुटक्या टेबलाशी, बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लागलेले. मी तिला सहज बोलावं तसं म्हटलं, की हा निबंध फेब्रुवारीतही देता येतो. विद्यापीठ मुदत वाढवून देतं. मग नोंदणी पुढे जाईल, जागा रिकामी राहील, आणि त्या जागेवर कुणीतरी आणखी सहा महिने लागेलच.

बाहेर पत्र्यावर पाऊस लागला होता. मेरेआनाचा हात पानावर होता, आणि मला दिसत होतं की ती सहा महिने मोजतेय. फाटकाशी सात मिनिटं, असे किती दिवस.

मग तिने लाल पेन उचललं. "तिसरा परिच्छेद कच्चा आहे, आंटी."

"मी काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. एकवीस वर्षं तुम्ही बिनकागदाच्या राहिलात. माझ्यापायी बावीस नकोत."

"मग त्याला सरळ राहा म्हण."

"कुठल्या तोंडाने म्हणू? त्याची जागा तर मीच काढून घेतेय, ह्या पेनाने."

मी तिला यादी दाखवली. आमच्यापासून चाळीस किलोमीटरच्या आत नऊ बालवाड्या शिक्षक शोधत होत्या. पुतारुरूला दोन, मांगाकिनोला तर वर्षभर एकही अर्ज नाही. ती म्हणाली, ती सगळी बदलीची कामं. आज इथे, उद्या तिथे. कायमची नोकरी सोडून ते कुणी का पत्करावं? आणि मी त्याची वरिष्ठ आहे, आंटी. मी म्हटलं म्हणून राहिला, असं नको.

दुसऱ्या दिवशी कॅलम डॅफ्नीला गाजरं सोलून देत होता. मी बाजूला उभी राहिले, तर न विचारताच बोलला. ती एकदा म्हणाली तर राहीन. पण तिने नुसतं 'चांगलं आहे' म्हटलं, आणि नको असलेल्या माणसाने दारात उभं राहू नये, एवढं मलाही कळतं.

मी दोघांनाही एकमेकांचं काही सांगितलं नाही. मध्यस्थीचा कागद माझ्याकडे नाही. निबंध बुधवारी पाठवून दिला.

गुरुवारी मुलांची सहल होती, पाइनच्या रानात. सहलीचा नियम वेगळा: चार मुलांमागे एक मोठं माणूस, कागदवाले सगळे बरोबर. म्हणजे पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती दोघं एकाच वेळी फाटकाबाहेर पडली. सोबत सव्वीस मुलं, त्यांच्यापैकी चौघांच्या आया, डॅफ्नी आणि मी. उत्तर द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

बारीक भुरभुर होती. पायांखाली पाइनच्या गळलेल्या सुया, ओल्या सालींचा वास, आणि सगळीकडे पिवळे, लाल, हिरवे रेनकोट. मेरेआना सकाळपासून कॅलमकडे बघत नव्हती. रागाने नव्हे, तर पाय घसरू नये म्हणून कठडा धरावा तशी. तो डावीकडे असला की ती उजवीकडची झाडं न्याहाळायची.

दर पंधरा मिनिटांनी मोजणी. सव्वाअकराला तिने मोजलं आणि थांबली. पुन्हा मोजलं. शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली बसवलं, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत तिसऱ्यांदा मोजलं.

"पंचवीस," ती म्हणाली.

तिच्या ओठांचा रंग गेला. पन्नास पावलांवर ओढा होता. आया इकडेतिकडे धावू लागल्या. मी माझ्या जागेवरून मोजलं, तर सव्वीस भरली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कॅलम तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"मेरेआना. वर बघ."

तिने त्याच्या छातीपर्यंत नजर आणली, मग चेहऱ्यापर्यंत, मग आणखी वर. त्याच्या खांद्यांवर छोटी अनाहेरा बसली होती, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, हातात पाइनचं बोंड. दहा मिनिटं तिथेच होती. तिच्या चिखलाळ बुटांचे ठसे त्याच्या छातीवर उमटले होते.

"सव्वीस," अनाहेरा म्हणाली. तिला तेवढ्यापर्यंत मोजता येत होतं.

मेरेआना मटकन खाली बसली, ओल्या सुयांवर. हसत होती की रडत होती, ते सांगणं कठीण. पाच वर्षांत तिची मोजणी कधी चुकली नव्हती.

"आज सकाळपासून मी तुझ्याकडे बघितलंच नाही," ती म्हणाली.

"मला कळत होतं."

"बघितलं असतं तर... तोंडून निघून गेलं असतं."

"काय?"

आया, डॅफ्नी, पंचवीस बसलेली मुलं आणि एक खांद्यावरची, सगळी ऐकत होती. मुलांना वाटलं, गोष्ट सुरू झाली.

"राहा," मेरेआना म्हणाली. "जागा नाहीये माझ्याकडे. कायमचं काही नाही, पगारही तिकडच्याइतका नाही. तरी राहा. हे मी वरिष्ठ म्हणून म्हणत नाही."

कॅलम वाकला. खांद्यावर अनाहेरा असल्यामुळे नीट वाकता येईना, म्हणून एक गुडघा टेकून तो तिच्या उंचीला आला. "मांगाकिनोला फोन केलाय मी सोमवारीच," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून ये म्हणाले. ब्रिस्बेनला नकार लिहून तयार आहे. फक्त पाठवला नव्हता."

"सोमवारी? मग बोलला का नाहीस?"

"तू 'चांगलं आहे' म्हणालीस ना."

त्यावर तिने त्याला जे म्हटलं ते मुलांसमोर म्हणायचं नसतं, म्हणून मी इथे लिहीत नाही. त्याने तिचा हात धरून तिला उठवलं आणि तो हात परत द्यायला विसरला. भुरभुर वाढली होती. मी मोजणीच्या कागदावर सव्वीस लिहून सही केली आणि सगळ्यांना बसकडे वळवलं.

बसमध्येही नियम आहेच: मोठी माणसं सगळीकडे विखुरलेली हवीत, एक पुढे, एक अगदी मागे. मेरेआना ड्रायव्हरच्या पाठीमागे बसली, कॅलम शेवटच्या बाकावर, मध्ये ओल्या रेनकोटांतली सव्वीस मुलं. रानापासून गावापर्यंत बावीस मिनिटं लागली. तेवढ्यात मेरेआनाने अकरा वेळा मागे वळून पाहिलं. दोनदा मुलं मोजायला. बाकीच्या नऊ वेळी मुलं आपापल्या जागेवर शांत झोपलेली होती.